तळातले पोते आणि उलटणारी थप्पी

प्रश्न : शिरोलीतील आमच्या गोदामात तळाचे पोते फाटले की हमाल पॅलेटवरची (माल रचायच्या लाकडी चौकटीवरची) अख्खी थप्पी उतरवून पुन्हा रचतात. पॅलेट उलटवणारे यंत्र कशातून आले?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या रसदीसाठी फोर्कलिफ्ट (पॅलेटसकट माल उचलणारी गाडी) आणि लाकडी पॅलेट यांची जोडी सर्रास वापरात आली, आणि थप्पी एकसंध हलू लागली तरी तिच्या तळाशी हात पोहोचेना, या अडचणीवरचा उपाय म्हणजे हे यंत्र. ते थप्पीला दोन फळ्यांमध्ये दाबून १८० अंशांत फिरवते, त्यामुळे तळ वर येतो आणि खालचे पॅलेट उचलून फाटके पोते सहज बदलता येते. हमालांच्या कमरेसाठी एवढे तरी व्हायलाच हवे. दाब मात्र बेताचा ठेवावा, नाहीतर गुळाच्या ढेपा चेपतात.