उन्हात औषध ‘विरघळतं’ की आणखी काही?

सोलापुरातल्या एका विज्ञानशिक्षिकेने विचारलं आहे: ‘नदी-तलावात उतरलेली औषधं उन्हाने मोडतात, त्याला विघटन म्हणावं की अपघटन? मुलं तर सरळ विरघळतात असं लिहितात.’

आधी ‘विरघळणं’ बाद करू. साखर पाण्यात विरघळली तरी तिचा रेणू साखरेचाच राहतो. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक विरघळलं म्हणजे ते पाण्यात आहेच, गेलेलं नाही. ऊन लागलं की त्याचा रेणू प्रकाश शोषतो, त्यातला क्लोरीन सुटतो आणि वेगळाच पदार्थ तयार होतो. स्वित्झर्लंडमधल्या ग्राइफेन्झे तलावात हे औषध असं झपाट्याने मोडतं, हे १९९८ साली संशोधकांनी दाखवलं. फिटांवरचं कार्बामाझेपिन मात्र उन्हाला सहज दाद देत नाही.

‘विघटन’ चुकीचं नाही, पण त्याचा पसारा मोठा. राजकीय पक्षाचं विघटन होतं, पालापाचोळ्याचंही होतं, आणि शाळेत ‘विघटक’ म्हटलं की जिवाणू-बुरशीच डोळ्यांपुढे येतात. इथे काम प्रकाशाचं आहे. विजेने होतं ते ‘विद्युत अपघटन’ मुलांना पाठ्यपुस्तकातून ठाऊक असतं. त्याच चालीवर प्रकाशाने होतं ते प्रकाश-अपघटन. मी हाच शब्द वापरते.

वर्गात सुरुवात मात्र ‘विटणं’ या घरच्या शब्दापासून करा. आमच्या गच्चीत दोरीवर एक चादर उन्हाळाभर तशीच राहिली. काढली तर वरची बाजू फिकी गुलाबी, घडीच्या आत जुना लालभडक रंग! ऊन पोचलं तिथेच रंगाचे रेणू मोडले होते. तलावातही तसंच: पाणी गढूळ, हिरवट असेल तर प्रकाश खोल जात नाही आणि हे सारं वरच्या थरातच घडतं. काही औषधं तपकिरी बाटलीत का येतात, तेही मुलांना इथेच कळेल.

‘नष्ट होतं’ हे लिहू देऊ नका. मोडून उरलेले पदार्थ निरुपद्रवी असतीलच असं नाही.

राहिला लेखनाचा प्रश्न. संधी केली तर ‘प्रकाशापघटन’ होतं. व्याकरणाला धरून आहे, पण वाचताना जीभ अडते आणि ‘अपघटन’ ओळखूच येत नाही. म्हणून मधे संयोगचिन्ह द्यावं.