चूक माझीच होती, मग भरपाई कशी मागू?

“मॅडम, ब्रेक मीच जोरात दाबला. मालकांनी दवाखान्याचं सगळं बिल भरलं. आता त्यांच्यावरच दावा टाकायचा म्हणजे कृतघ्नपणा नाही का?” अंबड औद्योगिक वसाहतीतील एका वितरकाचा माल दुकानोदुकानी पोहोचवणाऱ्या तीस वर्षांच्या टेम्पोचालकाने मला हे विचारले. ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत, परंतु हीच शंका नाशिकमधील अनेक जखमी चालकांकडून ऐकायला मिळते.

पावसात पाथर्डी फाट्याजवळ टेम्पो घसरून दुभाजकावर आदळला आणि त्यांच्या डाव्या गुडघ्याचे हाड मोडले. कित्येक महिने पगार नव्हता. घरखर्च पत्नीच्या शिवणकामावर चालला होता आणि त्यातच मालकाच्या मुनिमांनी मुद्रांकावर लिहून आणले होते की, उपचाराचा खर्च मिळाला, यापुढे कोणतीही मागणी राहिलेली नाही. सही अजून झालेली नव्हती. स्वतःला दोष देत बसलेला माणूस अशा कागदावर फार लवकर सही करतो, म्हणून मी आधी त्या अपराधभावाविषयीच बोलले.

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ हा दोषाचा हिशेब मांडणारा कायदा नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढे सिद्ध झाले की मालकाची जबाबदारी उभी राहते. चालकाचा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारण्याचे कारण होत नाही. मद्याच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असणे, सुरक्षेसाठी घालून दिलेला नियम जाणूनबुजून मोडणे, असे मोजकेच अपवाद आहेत, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास तेही लागू होत नाहीत. ओल्या रस्त्यावर घाईने दाबलेला ब्रेक यांपैकी कशातच बसत नाही. “म्हणजे मालकांची चूक होती, असं मला म्हणावं लागणार नाही?” त्यांनी विचारले. नाही, आणि तुमची चूक नव्हती असेही म्हणावे लागणार नाही, असे मी सांगितले, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मान वर करून पाहिले.

उपचारासाठी मालकाने दिलेली रक्कम ही भरपाई धरली जात नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. कामावरील इजेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देणे हे मालकाचे वेगळे कर्तव्य आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करारही कलम १७ नुसार निरर्थक ठरतो. तरीही त्या कागदावर सही करू नका, असाच सल्ला मी दिला, कारण निरर्थक कागद निरर्थक ठरवून घेण्यातही तारखा जातात.

मालकाच्या खिशाची त्यांना काळजी होती, आणि ती मला मनापासून आदराची वाटली. मात्र मोटार वाहन कायद्यानुसार टेम्पोच्या सक्तीच्या विम्यातच पगारी चालकाविषयीची ही जबाबदारी धरलेली असते, त्यामुळे मूळ रक्कम बहुधा विमा कंपनी भरते. उलट देय झाल्यापासून एका महिन्यात रक्कम न दिल्यास १२ टक्के व्याज चढते आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड विमा कंपनी नव्हे, मालक भरतो. मालकाला हे समजावून सांगितल्यावर त्यांनी स्वतःहून पगाराचा दाखला लिहून दिला.

दुसऱ्या वाहनाची चूक असती, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचाही पर्याय असता, परंतु दोन्हींपैकी एकच मार्ग निवडता येतो. मालकाकडे कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू असती, तर दावा तिथे गेला असता. येथे मोजकीच माणसे कामाला होती, म्हणून ती लागू नव्हती. अर्ज अपघातापासून २ वर्षांच्या आत, भरपाई आयुक्त म्हणून काम पाहणाऱ्या कामगार न्यायालयात करायचा होता.

खरा प्रश्न रकमेचा होता. दरमहा पगार अधिक असला तरी १५,००० रुपयेच धरले जातात. त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,०००, आणि कायद्याच्या तक्त्यात वयानुसार दिलेला तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. या दोन्हींचा गुणाकार केला की पूर्ण अपंगत्वाची रक्कम १८,७१,८२० रुपये होते, आणि कमाईची क्षमता जितके टक्के घटली तितका तिचा हिस्सा मिळतो. येथे बहुतेक दावे कमी पडतात, कारण रुग्णालयाच्या दाखल्यात गुडघा किती टक्के निकामी झाला एवढेच लिहिलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंग देव प्रकरणात कोपराच्या वरून डावा हात गेलेल्या सुताराचे अपंगत्व पूर्ण मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. क्लच दाबताना ज्याचा गुडघा वाकत नाही, त्या चालकाचा विचारही त्याच दृष्टीने व्हायला हवा. म्हणून मी त्यांना पुन्हा अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि वाहन चालवून मिळवण्याच्या क्षमतेवर झालेला परिणाम स्वतंत्रपणे लिहून घ्यायला सांगितले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण पगारी चालकासाठी मूळ तत्त्व तेच राहिले आहे. ॲपवरून ऑर्डर पोहोचवणाऱ्यांना मात्र संहितेत वेगळा वर्ग मानले आहे, त्यामुळे त्यांनी आधी कंपनीच्या अपघात विम्याची कागदपत्रे मागून घ्यावीत.

त्या चालकांनी मुनिमांचा कागद सहीविना परत केला. दावा दाखल करताना मालकाचा पगाराचा दाखला, पोलिसांचा पंचनामा, वाहन परवाना, विम्याची प्रत आणि डॉक्टरांचा नवा दाखला, असे सर्व कागद अर्जासोबत जोडलेले होते.