कूलंट (कापताना सोडायचा द्रव, म्हणजेच कटिंग फ्लुइड) बंद केलं तरी लोड मीटर (मशीनवरचा भार दाखवणारा) तेवढाच दाखवतो, मग कटिंग फ्लुइडने घर्षण कमी होतं हे खरं का? आणि किती टक्के?

तुमचा लोड मीटर खोटं बोलत नाहीये. तुम्ही ईएन ८ वर (मध्यम कार्बनचं स्टील) कोटेड कार्बाइडच्या इन्सर्टने (टूलवर बसवायचा कापणारा तुकडा) १८० मीटर प्रति मिनिटाला टर्निंग करताय. या वेगाला चिप (कापून निघणारा धातू) आणि इन्सर्ट यांच्यामध्ये कुठलंही तेल शिरत नाही. धारेलगत दाब इतका असतो की चिपचा धातू इन्सर्टला घट्ट चिकटून बसतो आणि वरचा थर खालच्या थरावरून कातरला जात पुढे सरकतो. फटच उरत नाही, तर तेल जाणार कुठे? शिवाय कटिंगला लागणाऱ्या शक्तीतला मोठा भाग, ढोबळमानाने तीन चतुर्थांश, शिअर प्लेनवर, म्हणजे धातू कातरून चिप बनते त्या पातळीवर, खर्च होतो. घर्षणाचा वाटा उरलेल्यात. त्यातही बदल झाला नाही तर मीटर हलणार कसा?

अशा कामात कूलंट टूल थंड ठेवतं, चिप वाहून नेतं, माप टिकवतं. अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलरने १९०७ च्या आसपास प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चिपवर पाण्याची जोरदार धार सोडून कटिंग स्पीड ३० ते ४० टक्के वाढवला होता. पाण्यात वंगण नसतं. तरी फायदा झाला, कारण तिथे अडचण उष्णतेची होती.

आता यावरून "म्हणजे घर्षणाशी तेलाचा संबंध नाही, टाकीतलं दूध (पाण्यात थोडं तेल मिसळलेलं इमल्शन) सगळ्या कामांना पुरतं, वेगळं तेल मागू नका" असं म्हणणारे लोक प्रत्येक कारखान्यात असतात. त्यांच्याशी माझं भांडण जुनं आहे आणि मी ते सोडणार नाही. त्यांना एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) मध्ये एम ८ च्या, म्हणजे ८ मिमी आट्याच्या, ब्लाइंड होलला (आरपार नसलेल्या) टॅप मारून, म्हणजे आत आटे पाडून, दाखवायला सांगा.

टॅपिंगमध्ये वेग असतो ६ मीटर प्रति मिनिट, म्हणजे एम ८ ला सुमारे २४० आरपीएम. उष्णता फार नाही. पण दात तिन्ही बाजूंनी धातूत रुतलेला, फ्लँक (दाताची धारेमागची बाजू) आट्यावर घासतोय, चिपला बाहेर पडायला जागा कमी आणि ३०४ चा स्वभाव टूलला चिकटण्याचा. ५ टक्के इमल्शनमध्ये तेलाचा थर या दाबाखाली टिकत नाही. धातू टॅपच्या फ्लँकवर बसतो, पुढचा दात त्या बसलेल्या धातूने आटा खरवडतो, टॉर्क चढत जातो. टॅप बहुतेक वेळा उलटा फिरताना तुटतो, कारण तेव्हा चिपचं मूळ तुटायचं असतं आणि ते दाताच्या मागच्या बाजूत अडकतं. मग लोक म्हणतात टॅप भिकार होता. टॅपला कशाला दोष देता?

इथे लागतं ते ईपी (एक्स्ट्रीम प्रेशर, म्हणजे जबर दाबाखाली काम करणारं) ॲडिटिव्ह असलेलं नीट ऑइल, म्हणजे पाणी न मिसळलेलं तेल. फॅटी घटक, म्हणजे लार्ड तेल, एरंडेल किंवा त्यांचे एस्टर, धातूवर साबणासारखा पातळ थर धरतात. पण साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तो थर सुटतो. त्यापुढे गंधक किंवा क्लोरिन काम करतं. नुकत्याच उघड्या पडलेल्या धातूशी त्यांची रासायनिक क्रिया होते आणि सल्फाइड किंवा क्लोराइडचा थर बनतो, जो मूळ धातूपेक्षा सहज कातरला जातो. या क्रियेला वेळ लागतो आणि तेल आत पोचायला वाट लागते. टॅपिंग, रीमिंग, ब्रोचिंगमध्ये दोन्ही मिळतं. तुमच्या १८० मीटरला दोन्ही मिळत नाही. वेगाचा हा फरक लक्षात न घेता तेलावर वाद घालणं व्यर्थ आहे.

३०४ साठी व्यवस्था अशी ठेवा. ड्रिल ६.८ ऐवजी ६.९ मिमी. आट्याची उंची ७४ वरून ६८ टक्क्यांच्या आसपास येते, तरी ६एच (आतल्या आट्याचा नेहमीचा टॉलरन्स) मध्ये आतल्या व्यासाची वरची मर्यादा ६.९१२ मिमी आहे, म्हणजे गो-नोगो गेज पास होतो. मात्र ड्रिल ओव्हरसाइज करत असेल तर तपासून घ्या. आटे १६ मिमी हवे असतील तर होल २२ मिमी तरी खोल हवं. ब्लाइंडला स्पायरल फ्लूट टॅप (चिप वर काढणारा), आरपार होलला स्पायरल पॉइंट (चिप पुढे ढकलणारा). टॅप एचएसएस-ई चा (कोबाल्ट असलेलं हायस्पीड स्टील), स्टीम ट्रीटेड काळा किंवा टीआयसीएन (टायटॅनियम कार्बोनायट्राइड) कोटेड. काळ्या ऑक्साइडचा थर चिकटणं कमी करतो आणि तेलही धरून ठेवतो. ॲल्युमिनियमला मात्र चकचकीत, पॉलिश केलेला टॅपच घ्या.

व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन) टॅपिंगच्या आधी कूलंट बंद करा, हे बहुतेक जण विसरतात. चालू कूलंटची धार होलात घातलेलं तेल धुऊन टाकते आणि मग "तेल घालूनही तुटला" अशी तक्रार येते. आधी होलमधल्या चिप्स आणि इमल्शन हवेने काढा, मग प्रत्येक होलला ब्रशने किंवा पिचकारीने थोडंसं तेल. जास्त ओतू नका. ते शेवटी टाकीतच जातं, वर तरंगतं, खालचं इमल्शन गुदमरतं आणि सुट्टीनंतरच्या सकाळी शॉपमध्ये सडका वास येतो. शेकड्यांनी होल असतील तर इमल्शनला चालणारी टॅपिंग पेस्ट वापरा, किंवा टाकीच १० टक्क्यांवर न्या.

इमल्शनचे टक्के मोजायचे रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबातून प्रकाश किती वळतो ते पाहणारं साधन), आणि वाचलेला आकडा डब्यावरच्या फॅक्टरने गुणायचा. वाचन ४ आणि फॅक्टर १.५ असेल तर कॉन्सन्ट्रेशन ६ टक्के. रंगावरून सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. टॉप-अप नुसत्या पाण्याने करत राहिलात तर कॉन्सन्ट्रेशन उतरत जातं; पातळ मिश्रण घाला. मिश्रण करताना पाण्यात तेल घालायचं, तेलात पाणी कधीच नाही.

काही गोष्टी वर यायला हव्या होत्या. सक्रिय गंधकाचं तेल पितळ आणि तांब्यावर काळे डाग पाडतं. क्लोरिनवालं तेल लागलेला एसएस जॉब वेल्डिंग किंवा हीट ट्रीटमेंटला जाण्याआधी पूर्ण धुवा. नीट ऑइल जास्त वेगाच्या टर्निंगला वापरलंत तर धूर निघेल, आगही लागू शकते. कास्ट आयर्न बहुधा कोरडंच कापा. स्टीलवर कार्बाइडने रफ मिलिंग करतानाही कूलंट बंद ठेवलेलं बरं, नाहीतर गरम-थंड होत इन्सर्टच्या धारेवर तडे पडतात.

घर्षण किती टक्के कमी होतं याबद्दल: एकच आकडा सांगणारा माणूस विकायला आलेला असतो. स्वतः पाहायचं असेल तर २५ मिमीचा तांब्याचा बार आणि एचएसएस टूल घ्या. स्टील नको, कारण कमी वेगाला टूलच्या धारेवर बिल्ट-अप एज (चिकटलेल्या धातूचा थर) बसते आणि माप फसवते. अप्रोच अँगल (टूलची धार आणि फीडची दिशा यांतला कोन) ९० अंश, फीड फेऱ्यामागे ०.२ मिमी, सुमारे ६५ आरपीएम. एक कट कोरडा, एक टाकीतल्या दुधात, एक फॅटी नीट ऑइलमध्ये, आणि प्रत्येक कटआधी टूल पुसून. तिन्ही चिप्सची जाडी टोकदार ॲन्व्हिलच्या मायक्रोमीटरने पाच-सहा जागी मोजा. घर्षण कमी झालं की शिअर अँगल (शिअर प्लेनचा कोन) वाढतो आणि चिप पातळ निघते. जाडीला ०.२ ने भागून येणारे तीन आकडे लिहून ठेवा, आणि तेलाची मागणी नाकारली गेली की चिप्ससकट तेच पुढे करा.