ऑईल गाळलं म्हणून ताजं होत नाही

कापसाचा सीझन सुरू झाला की गाड्यांची धावपळ वाढते आणि ऑईलचे प्रश्नही. या वेळी बहुतेकांनी बायपास फिल्टरबद्दलच विचारलंय, म्हणजे कंपनीच्या फिल्टरसोबत लावायच्या, ऑईल आणखी बारीक गाळणाऱ्या जादा फिल्टरबद्दल.

प्रश्न : माझी डिझेल काळीपिवळी दर्यापूर-अकोट चालते, वर्षाला 40,000 किमी. दर 10,000 ला ऑईल बदलतो, 3,000 रुपये लागतात. एक जण 24,000 चा बायपास फिल्टर लावून देतो. म्हणतो, 50,000 पर्यंत ऑईल बदलू नका, फक्त आतलं 1,500 चं एलिमेंट (गाळणी) बदला. लावू का? (दर्यापूर)

इंजिनातल्या पंपाचं सगळं ऑईल कंपनीच्या फिल्टरमधून जातं. त्याचा कागद फार बारीक ठेवला तर बेअरिंगला ऑईल कमी पडेल, म्हणून तो साधारण 20 ते 40 मायक्रॉनच्या पुढचे कणच नीट धरतो. डोक्याचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून अंदाज घ्या. बायपास फिल्टर मुख्य वाटेवर नसतो, बाजूला असतो. बारीक छिद्रातून फार तर दहावा हिस्सा ऑईल त्यात जातं, 2 ते 5 मायक्रॉनपर्यंतची घाण तिथे राहते आणि साफ ऑईल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीत, परत पडतं. रिंग-बेअरिंग खाणारे बरेच कण याच मधल्या मापाचे असतात, तेव्हा फिल्टरचं काम खोटं नाही.

खोटं आहे ते 50,000. ऑईल नुसत्या घाणीनं संपत नाही. डिझेल जळताना आम्लं तयार होतात आणि ती मारायची द्रव्यं ऑईलमध्ये कारखान्यातच घातलेली असतात. लॅबच्या अहवालात त्या ताकदीला टीबीएन म्हणतात. ती खर्च झाली की कुठलाच फिल्टर परत भरून देत नाही. मे महिन्यात 45 अंशांत भरलेली गाडी ओढताना ऑईल तापून जुनं होतं, त्यावरही गाळणीचा इलाज नाही.

आता हिशेब. ऑईलची तपासणी करून 20,000 पर्यंत जाता आलं असं धरू. वर्षाला चारऐवजी दोन बदल्या, वाचले 6,000. दोन एलिमेंटचे 3,000 गेले. कंपनीचा फिल्टर दर 10,000 ला बदलायचाच, तो खर्च वेगळा. म्हणजे 24,000 फिटायला आठ वर्षांच्या वर लागतील, आणि रोज तेवढी धावलेली काळीपिवळी आठ वर्षांनी कशी असते हे मी तुम्हाला काय सांगू! नका लावू.

ज्याच्या चेंबरमध्ये 20 लिटरच्या वर ऑईल बसतं आणि इंजिन दिवसरात्र चालतं, त्या कोळशाच्या टिप्परला मात्र हे परवडू शकतं. अनेक मोठ्या इंजिनांना कंपनीच बायपास किंवा सेंट्रिफ्यूगल (गरगर फिरून घाण बाजूला फेकणारा) फिल्टर देते, ते उगाच नाही.

प्रश्न : मिस्त्री म्हणतात, प्रत्येक फिल्टरमध्ये बायपास असतोच, दुसरा कशाला? (वणी)

ते सांगतात तो बायपास वॉल्व. फिल्टर तुंबला किंवा थंडीच्या पहाटे ऑईल घट्ट असलं की तो उघडतो आणि न गाळलेलं ऑईल सरळ इंजिनात सोडतो. कोरड्या बेअरिंगपेक्षा घाण ऑईल परवडलं, एवढाच त्याचा हेतू. बायपास फिल्टरशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : पिकअपनं पांदण रस्त्यानं कापूस जिनिंगला नेतो. फुफाट्यानं इंजिन खराब होऊ नये म्हणून बायपास लावावा का? (आर्वी)

भाऊ, धूळ दारातच अडवा. इंजिनात माती बहुतेक हवेच्या वाटेनं शिरते, आणि ऑईलमध्ये येण्याआधी ती सिलिंडर घासून आलेली असते. एअर फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा रबरी पाईप काढा, आतून बोट फिरवा. बोटाला भुरकट माती लागली तर फिल्टर फाटलाय, नीट बसलेला नाही किंवा क्लॅम्प ढिला आहे. पाईपच्या घड्यांमध्ये चीर असते, ती वरून दिसत नाही. दोन्ही हातांनी वाकवून बघा. फिल्टरच्या बाहेरच्या घड्यांवर कापसाची रुई चिकटलेली असेल तर ती हातानं काढा. कॉम्प्रेसरचं नोझल जवळ धरून हवा मारली तर कागदाला बारीक भोकं पडतात आणि फिल्टर नुसता नावाला उरतो. सीझनमध्ये पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर फिल्टर बदला. बायपासच्या पैशात असे कितीतरी येतील.

शंका राहिलीच तर ऑईल लॅबला द्या. इंजिन गरम असताना चेंबरचा बोल्ट काढा, पहिली धार जाऊ द्या आणि मधली धार कोरड्या, स्वच्छ बाटलीत घ्या. अहवालात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम सोबत वाढलेले असतील तर सहसा माती शिरतेय, लोखंड वाढलं तर झीज सुरू आहे. ऑईल काळं झालं म्हणून घाबरू नका. डिझेलचं ऑईल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

प्रश्न : बीएस-6 डिझेल कार. घरून तालुक्याला सहा किमी, एवढंच चालवतो. डिपस्टिकवर ऑईल वाढतंय! बायपास लावून फायदा होईल? (पुसद)

होणार नाही. सायलेन्सरच्या वाटेवर धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो, त्यात साचलेली काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. सहा किमीत ते जाळणं अर्धवट राहतं, पुन:पुन्हा सुरू होतं, आणि थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. ऑईल पातळ होतं. कुठलाही फिल्टर त्यातून डिझेल वेगळं काढत नाही. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर गाडी पळवू नका, ऑईल बदला. पुढे आठवड्यातून एकदा उमरखेड रोडला अर्धा तास एकसारख्या वेगानं चालवा. गाडी वॉरंटीत असेल तर ऑईलच्या लाईनला हातही लावू देऊ नका.

प्रश्न : टिश्यू पेपरच्या रोलचा फिल्टर घरी बनवता येतो म्हणतात. ट्रॅक्टरला जमेल? (हिंगणघाट)

अमेरिकेत रोलवर चालणारे फिल्टर पूर्वी खरंच विकले जायचे. ते मजबूत लोखंडी डब्यात बसायचे, पीव्हीसीच्या पाईपमध्ये नाही. गरम ऑईल दाबाखाली असतं. नळी निसटली तर चेंबर काही मिनिटांत रिकामं होतं आणि तुम्ही शेताच्या मधोमध असता, मागे रोटाव्हेटरचा आवाज. ऑईलचा दिवा बघेपर्यंत क्रँक गेलेला असतो. त्यापेक्षा पुस्तकात दिलेल्या तासांवर ऑईल बदला.