बैलगाड्यांच्या तांड्यातले पूर्वज

प्रश्न : आमचे जावई अमेरिकेतल्या ओरेगॉनचे. त्यांचे पूर्वज १८५० च्या आसपास बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर मिसुरीहून तिकडे गेले, असं त्यांच्या घरी सांगतात. नातवासाठी वंशावळ करायची आहे. तांड्यातल्या लोकांच्या याद्या कुठे मिळतील?
– एक आजी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आजी, याद्यांच्या मागे लागू नका. अशा तांड्यांची सरकारी नोंद होतच नसे. आपल्याकडे जुनं घराणं शोधताना कोतवाल बुक आणि जमिनीचे कागद काढतात ना, तिथेही जमिनीचाच कागद कामाला येतो.

१८५० च्या कायद्यानुसार १ डिसेंबर १८५० पर्यंत ओरेगॉनात वस्ती केलेल्या अविवाहित पुरुषाला ३२० एकर, जोडप्याला ६४० एकर जमीन मिळे. त्यातली निम्मी बायकोच्या नावावर. नंतर आलेल्यांना याच्या निम्मी. त्यामुळे दाव्याच्या फायलीत जन्माचं साल व ठिकाण, ओरेगॉनात पोचल्याची तारीख, लग्नाची तारीख आणि ठिकाण सापडतं. बाईचं माहेरचं आडनाव मात्र बहुधा नसतं, ते लग्नाच्या नोंदीत पाहावं. साक्षीदारांची नावं जरूर उतरवून घ्या. ते शेजारी पुष्कळदा त्याच तांड्यातले किंवा नात्यातले असत.

अमेरिकी सरकारच्या 'जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स' या संकेतस्थळावर नावाने शोधलं की जमिनीची सनद फुकट दिसते. तिच्यावरचे टाउनशिप, रेंज आणि सेक्शनचे आकडे म्हणजे आपला गट नंबरच समजा. ते देऊन राष्ट्रीय अभिलेखागारातून पूर्ण फाइल मागवा. तिथे सनद दिसली नाही म्हणून थांबू नका. दावा अर्धवट सुटला तर सनद होत नसे, फाइल मात्र राहते.

जोडीला जनगणना बघा. घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि जन्मस्थान १८५० पासून मिळतं. समजा १८६० च्या पानावर अकरा वर्षांची मुलगी मिसुरीत जन्मलेली आणि सात वर्षांचा मुलगा ओरेगॉनात, तर कुटुंब साधारण १८४९ ते १८५३ च्या दरम्यान गेलं. वयात एक-दोन वर्षांचा फरक धरा. नातं काय हे १८८० पासूनच लिहिलेलं असतं, तेव्हा त्याआधीच्या पानावरची सगळी मुलं त्याच जोडप्याची मानू नका. आडनाव सापडत नसेल तर ती जागा रिकामी ठेवून पहिलं नाव, वय, जन्मस्थान आणि काउंटी यांवरून शोधा. कारकुनाने ऐकलं तसं आडनाव लिहिलेलं असतं.

आणखी एक. गवत उगवल्यावर एप्रिल-मेमध्ये गाड्या निघत, प्रवास चार ते सहा महिन्यांचा. घरची आठवण 'मार्चमध्ये पोचले' असं म्हणत असेल, तर फायलीतली तारीख आधी पडताळा.