मालकाला आधी दवाखान्यात ने

(पत्र मोठं आहे. नाव-गाव वगळून थोडक्यात देते आहे. धंदा करणाऱ्या बायका आपल्या कायमच्या जोडीदाराला ‘मालक’ म्हणतात.)

*ताई, मी सांगली जिल्ह्यात धंदा करते. वय 32, मुलगी सातवीत. दर सहा महिन्यांनी संस्थेच्या ताई आमचं रक्त तपासायला नेतात. आजवर सगळं चांगलं यायचं. या वेळी एचआयव्ही निगेटिव्ह आला, पण गरमीची चाचणी पॉझिटिव्ह आली. कागदावर 1:16 लिहिलंय. तपासणीच्या बारा दिवस आधी एका नव्या गिऱ्हाइकाचा निरोध फुटला होता, दारू पिऊन आला होता मेला. त्यानंच दिलं, माझी खात्री आहे. गिऱ्हाइकाशी मी निरोधाशिवाय कधी बसत नाही, कोरडं वाटलं तर खोबरेल तेल लावते एवढंच. मालकांशी वापरत नाही, ते घरचेच आहेत. ते गाडीवर असतात, गावाकडे बायकोला सातवा महिना लागल्यापासून इकडं जरा जास्त येतात. त्या गिऱ्हाइकाला शोधून जाब विचारू का? का हे गावच सोडू? मालकांना कळलं तर ते येणं बंद करतील. त्यांना न सांगता औषध घेतलं तर चालेल ना?*

नाही, चालणार नाही.

तुझ्या पत्रात त्या दारुड्याचं सगळं आहे. त्याच्या शर्टाचा रंग आहे, तो कुठून आला, काय बोलला, पैसे कसे फेकले ते आहे. आणि मालकाशी निरोध वापरत नाहीस, त्याबद्दल? जाता जाता एक वाक्य. तेही त्याची बाजू सावरणारं. अगं, तुझं दुखणं त्या एका वाक्यात आहे आणि तू ते ओलांडून पुढे गेलीस.

आधी तो दारुडा डोक्यातून काढ. गरमी, म्हणजे डॉक्टर ज्याला सिफिलिस म्हणतात, ती अंगात शिरली की लगेच रक्तात दिसत नाही. पहिला फोड यायलाच साधारण तीन आठवडे लागतात, कधी कधी तीन महिनेसुद्धा. रक्ताची व्हीडीआरएल चाचणी पॉझिटिव्ह यायला त्याहूनही जास्त वेळ जातो. कागदावरचा 1:16 म्हणजे रक्त सोळा पट पातळ केलं तरी चाचणी पॉझिटिव्ह. बारा दिवसांत एवढं येत नाही. म्हणजे हे त्याच्या आधीचं आहे. फोड दिसला नाही म्हणून तुला कळलं नसेल. हा फोड दुखत नाही, बाईला आत येतो आणि औषध न घेताही आपोआप भरून जातो. फोड गेला तरी आजार अंगातच राहतो.

मग दिलं कुणी? एखाद्या गिऱ्हाइकाकडूनही आलं असेल, कारण निरोधानं जेवढी जागा झाकली जाते तिच्या बाहेर फोड असला तर लागण होऊ शकते. मालकाकडून आलं असेल. किंवा तुझ्याकडून मालकाला गेलं असेल. हे शोधत बसण्यात काही हाशील नाही. एक गोष्ट मात्र पक्की. दोघांमध्ये निरोध नव्हता, म्हणून आता औषध दोघांनाही लागणार. तू एकटीनं इंजेक्शन घेतलंस आणि पुढच्या आठवड्यात तो गाडी लावून तुझ्याकडे झोपायला आला, तर गरमी पुन्हा तुझ्या अंगात येऊ शकते. एकदा झाली म्हणून ती पुन्हा होत नाही असं नसतं.

तुम्ही बायकांनी गिऱ्हाइकाला निरोध घालायला लावणं ही साधी गोष्ट नाही. तुझ्याच सांगलीत 1992 पासून संग्राम या संस्थेनं हे काम उभं केलं, पुढे 1996 मध्ये धंदा करणाऱ्या बायकांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद बांधली. निरोध बायकांनी स्वतः वाटले आणि न घालणाऱ्याला मिळून परत पाठवायला त्या शिकल्या. कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी 1992 मध्ये सुरू केलेल्या कामातही बायकाच बायकांना शिकवत होत्या. पण सांगलीत मालक असो, सोनागाछीत बाबू असो, ‘आपल्या’ माणसापाशी आलं की निरोध उशीखालीच राहतो. त्याच्याशी तो वापरला तर तोही गिऱ्हाईकच ठरला, असं वाटतं. दिवसभर ज्या रबरानं कामाचं आणि मनाचं अंतर राखलं, ते निदान एका माणसाशी नको, ही तुझी इच्छा मला समजते. तिच्यासाठी मी तुला रागावणार नाही.

पण त्याच्यासाठी माझ्याकडे कौतुकाचे शब्द नाहीत. तो मुलीची फी भरतो, भाडं देतो, शिवीगाळ करत नाही, असं तू लिहिलंस. असेल. तू दर सहा महिन्यांनी रक्त देतेस, दर तीन महिन्यांनी डॉक्टरला दाखवतेस. त्यानं कधी तपासून घेतलंय? महिनोन् महिने हायवेवर असलेला माणूस, एक घर तुझ्याकडे, एक गावाकडे, आणि तपासणी शून्य. तुम्हा तिघांत तू सोडून कुणाचंच रक्त नियमानं बघितलं जात नाही, आणि गुन्हेगारासारखं तोंड लपवते आहेस तू.

आता त्या बाईचा विचार कर, जिला तू पाहिलेलंही नसशील. तिला सातवा महिना आहे. नाव नोंदवताना तिचं रक्त तपासलं असेल, पण ती तपासणी सुरुवातीच्या महिन्यांतली. त्यानंतर नवऱ्याकडून गरमी आली असेल तर त्या जुन्या कागदाचा उपयोग नाही. पोटातल्या बाळाला ती लागते. बाळ पोटातच जाऊ शकतं, किंवा आजार घेऊन जन्माला येतं. आणि उपाय? तुला लागणार तेच पेनिसिलिनचं इंजेक्शन. मात्र आईचा उपचार बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी व्हायला हवा. सातवा महिना म्हणजे वेळ आहे, पण तुझ्या संकोचाला पुरेल इतका नाही.

म्हणून मी तुला दोन-चार वाटा दाखवत बसत नाही. मालकाला या आठवड्यात दवाखान्यात ने. तोवर त्याला अंथरुणात घेऊ नकोस.

तू स्वतः उद्याच जा. सरकारी रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे तपासणी आणि औषध फुकट. गेल्या वेळी तुझी चाचणी निगेटिव्ह होती, म्हणजे लागण ताजी आहे, आणि अशा वेळी बहुधा एकदाच बेन्झाथिन पेनिसिलिनचं 24 लाख युनिटचं इंजेक्शन देतात. दोन्ही कुल्ल्यांत अर्धं अर्धं टोचतात. दुखतं, नीट बसवत नाही. त्या रात्री थंडी-ताप आला तर घाबरू नकोस, औषध लागू पडताना असं होतं, एका दिवसात उतरतं. पेनिसिलिनची कधी रिअॅक्शन आली असेल तर टोचण्याआधी सांग. मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांवर हे भागवू नकोस. तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा रक्त दे. तो 1:16 खाली यायला हवा, 1:4 किंवा त्याहून कमी. नाही आला तर डॉक्टरला विचार.

त्याला सांगायचं कसं, हीच तुझी खरी भीती आहे. खोलीत, रात्री, तो प्यालेला असताना हा विषय काढू नकोस. दिवसा फोन कर आणि एवढंच म्हण: “माझ्या रक्तात गरमी निघालीय. तुम्हालाही असणार. औषध एका सुईचं आहे. गावाकडे बाळ यायचंय, त्याच्यासाठी तरी चला.” क्लिनिकमधल्या समुपदेशक ताईंकडून जोडीदारासाठी चिठ्ठी माग. संस्थेच्या ताईंना सोबत ने, बाकीचं त्या बोलतील. तो म्हणेल, तूच आणलंस. म्हणू दे. वाद घालू नकोस, रांगेत उभं कर. हात उगारला तर मात्र त्याच्याबरोबर एकटी कुठेही जायचं नाही, आणि मग तो येणं बंद झाला तरी तू बरी होशील. दोघांचं औषध झाल्यावर निदान सात दिवस काही नाही. त्यानंतर निरोध, त्याच्याशीसुद्धा.

एचआयव्हीची तपासणी त्यालाही करायला लाव, सरकारी दवाखान्यात तीही फुकट आहे. तुझी निगेटिव्ह आहे, पण निरोध फुटल्यापासून तीन महिने झाले की पुन्हा कर. आणि ते खोबरेल तेल बंद कर. तेलानं रबर कमकुवत होतं, फुटण्याचं ते एक मोठं कारण. पाण्याची जेली संस्थेत माग. पुन्हा कधी निरोध फुटला तर जाब विचारायला गिऱ्हाईक शोधू नकोस, 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठ. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्यांचा 28 दिवसांचा कोर्स असतो, तो तेवढ्या वेळेतच सुरू करता येतो. काही अडलं तर 1097 वर फोन कर, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलतात.

गाव सोडायचं नाही. इथे तुझी मुलगी शाळेत आहे, ओळखीचा दवाखाना आहे, वेळेवर रक्त तपासायला ओढून नेणाऱ्या ताई आहेत. तुझी गरमी एवढ्या लवकर सापडली ती त्यांच्यामुळेच.

फोन आज कर. आणि त्याला इंजेक्शन दिलं की तिथेच उभ्या उभ्या त्याच्याकडून बायकोला फोन करवून घे, की उद्या आशाताईला गाठ आणि पुन्हा रक्त तपासून घे. का ते तिला सांगणं त्याचं काम आहे. तो टाळाटाळ करायला लागला तर समुपदेशक ताईंना सांग, गावाकडच्या आरोग्य केंद्राशी कसं बोलायचं ते त्यांना ठाऊक असतं.