सात वर्षांनी परतलेले वडील आणि नातवाचा ताबा

प्रश्न : माझी मुलगी वारली तेव्हा नातू दीड वर्षाचा होता. त्यानंतर लगेचच जावई आखाती देशात नोकरीसाठी गेले. सात वर्षांत त्यांनी ना पैसे पाठवले, ना मुलाची चौकशी केली. आता ते दुसरे लग्न करून पुण्यात स्थायिक झाले आहेत आणि ‘मीच कायदेशीर पालक आहे, मुलाला शाळेतून घेऊन जाईन’ असे म्हणतात. नातू त्यांना ओळखतही नाही. आम्ही काय करावे? (एक आजी, सांगली जिल्हा)

उत्तर : हिंदू अज्ञानत्व (म्हणजे वयाने सज्ञान नसणे) व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 प्रमाणे वडील हे मुलाचे नैसर्गिक पालक आहेत आणि इतकी वर्षे दूर राहिल्याने ते नाते आपोआप संपत नाही, हे आधी मान्य करावे लागेल. मात्र त्याच कायद्याचे कलम 13 मुलाच्या हिताला सर्वोच्च स्थान देते, त्यामुळे पालक असणे आणि ताबा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. 2010 मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आई वारलेल्या मुलाचा ताबा आईच्या वडिलांकडे ठेवला आणि मुलाच्या वडिलांना भेटीचा हक्क दिला. उलट 2019 मध्ये, वडिलांच्या आजारपणामुळे मावशीकडे राहिलेली लहानगी त्याच न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केली. आपले जावई आजारी नव्हते, त्यांनी पाठ फिरवली होती, आणि हाच फरक आपल्या बाजूचा आहे.

त्यांनी दावा लावण्याची वाट पाहू नका. मूल जिथे सामान्यतः राहते तिथल्या कौटुंबिक न्यायालयात, ते नसल्यास जिल्हा न्यायालयात, पालक व पाल्य अधिनियम, 1890 खाली अर्ज करून कलम 12 नुसार अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतचा, ताबा मागावा. मुख्याध्यापकांना लेखी कळवावेच, पण न्यायालयाचा आदेश हाती नसेल तर वडिलांना अडवणे शाळेलाही अवघड जाते. शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून केलेली आपली सही, लसीकरणाचे कार्ड, फीच्या आणि दवाखान्याच्या पावत्या असे जे जे असेल ते तारखेनुसार लावून वकिलांकडे द्यावे.

भेटीला मात्र सरसकट विरोध करू नका, असे मी आग्रहाने सांगेन, कारण मुलाला वडिलांपासून तोडणारी व्यक्ती म्हणून आपली प्रतिमा उभी राहिली तर आपलीच बाजू पडते. सुरुवातीला न्यायालयाच्या आवारात किंवा आपल्या उपस्थितीत तासभर भेट, मध्ये व्हिडिओ कॉल आणि मुलगा रुळल्यावरच मुक्काम, असा टप्प्याटप्प्याचा प्रस्ताव आपणच मांडावा. थकलेल्या खर्चाचा हिशेब भेटीशी जोडू नये. पोटगीची मागणी स्वतंत्रपणे करता येते.

मूल समजून मत देण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ते विचारात घेते, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाशी न्यायाधीश बहुधा आपल्या दालनात एकट्याने बोलतात. त्याला काहीही पढवून पाठवू नये, कारण शिकवलेली वाक्ये न्यायाधीशांच्या लगेच लक्षात येतात.